रतनबाईच्या दारातला अनंत

नागापूरच्या एमआयडीसीत, लोखंडाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बन्सी मरकड एकतीस वर्षं माळी होता. कागदावर तो ‘हेल्पर’ होता, कारण माळी नावाची जागाच कंपनीच्या तक्त्यात नव्हती. पण गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला ‘बन्सी माळी’ म्हणत आणि तोही त्यालाच ओ देई. मूळचा तो तिसगावकडच्या शेतकरी घरातला. त्याच्या हाताला गुण होता. बन्सीने वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल असं कॅन्टीनमध्ये म्हणत, आणि हे खोटं आहे असं बन्सी चुकूनही म्हणत नसे.

त्याच्या बागेत अशोक होते, जास्वंदी होत्या, हिरवळीचा एक तुकडाही होता. पण त्याचा जीव होता ऑफिससमोरच्या अनंतावर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने वीतभर काडी लावली होती, तिचं आता छातीइतकं उंच, डेरेदार झुडूप झालं होतं. पावसाळ्यात सकाळी त्यावर तीस-चाळीस पांढरी फुलं असत. पहिल्या पाळीचे कामगार तेवढ्यापुरते रेंगाळत, आणि उशीर झाला म्हणून सुपरवायझर ओरडे, तोही तिथेच उभा राहून.

आता बन्सीच्या घराचं सांगायला हवं, आणि ते सांगताना त्याची बाजू घेणं जरा अवघड जातं. नवनागापुरात त्याच्या दोन खोल्या आणि पुढे दहा-बारा पावलांचं अंगण. त्या अंगणात एक तुळस होती, तीही त्याची बायको रतनबाई हिने लावलेली. बाकी सगळा उघडा मुरूम. लग्नानंतर नव्या नव्या दिवसांत रतनबाई म्हणाली होती, “एखादं मोगऱ्याचं रोप आना की.” बन्सी दिवसभर मातीत हात घालून कंटाळून आलेला असायचा. “हितं निसता मुरूम हाय. मुरमात काय जगतंय?” असं म्हणून तो पाय धुवायला गेला. तिने आणखी दोन-तीन वेळा विचारलं, आणि मग सोडून दिलं. बायकोने विचारणं सोडलं की प्रश्न मिटला असं नवऱ्यांना वाटतं. बन्सीलाही तसंच वाटलं.

एप्रिल लागला तेव्हा एच.आर.च्या सुमंत साहेबांनी त्याला बोलावलं. शाळेत घालताना मास्तरांनी गावातल्या निम्म्या पोरांसारखी बन्सीचीही जन्मतारीख एक जून लिहिली होती, त्यामुळे एकतीस मेला तो रिटायर होणार होता. त्याला वाटलं त्याचेच काही कागद असतील. साहेब म्हणाले, “बन्सी, नवी शेड ऑफिसपर्यंत वाढवायची आहे. पंधरा तारखेला जेसीबी येईल. समोरची झाडं जाणार.”

बन्सीने खिडकीतून बाहेर अनंताकडे पाहिलं. मग म्हणाला, “साहेब, बाकीचं जाऊ द्या. अनंत मला द्या.”

“भर उन्हाळ्यात? जगेल का?”

“जगवतो.”

त्याने हे मागितलं त्याला कारण होतं. रिटायर झाल्यावर त्या उघड्या अंगणाकडे तोंड करून बसायचं, या विचाराने तो गेलं वर्षभर आतून हबकला होता. हयातभर ज्याला पाणी घातलं त्यातलं घरी न्यायला काहीच नव्हतं. हे एक झुडूप रतनबाईच्या दारात जगलं, तर आपण काहीतरी घेऊन घरी आलो असं म्हणता येईल. मेलं, तर रिकाम्या हाताने आलो. बन्सीने हे कुणाला सांगितलं नाही, रतनबाईला तर नाहीच.

त्याने काम मात्र मन लावून केलं. आधी एका बाजूने चर खणून मुळं छाटली, आठवड्याने दुसऱ्या बाजूने. काढायच्या आदल्या दिवशी फांद्या निम्म्यावर आणल्या. कळ्या धरलेल्या होत्या, त्याही कापल्या. कापताना तो झाडाकडे न बघता बोटांनी चाचपून कापत होता. संध्याकाळी बुडाशी हळद-कुंकू वाहून म्हणाला, “उद्या न्यायला येतो.” दुसऱ्या दिवशी चौघांनी मातीचा गड्डा गोणपाटात बांधून उचलला आणि शेजारच्या कानिफनाथच्या टेम्पोत ठेवला. गेटवर वॉचमनने अडवलं. कंपनीतून वस्तू बाहेर जायची तर गेट पास पाहिजे. सुमंत साहेब स्वतः खाली आले आणि त्यांनी पासवर लिहिलं, ‘अनंत, एक नग.’ ‘परत येणार की नाही’ या रकान्यात त्यांनी ‘नाही’वर खूण केली.

टेम्पो दारात आला तेव्हा रतनबाई उंबऱ्यात उभी होती. झाड उतरलं, आधीच खणलेल्या खड्ड्यात बसलं, बन्सीने वरून जुनं लुगडं बांधून सावली केली. झाडाच्या उरलेल्या पानांवरून तिने एकदा हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली.

पहिले पाच-सहा दिवस बरे गेले. मग पानं पिवळी पडायला लागली. बन्सी सकाळी सहाला निघायचा, दुपारी चारला यायचा, आणि आल्यावर वरची माती उन्हाने कोरडी पडलेली बघून मापाने एक तांब्या पाणी घालायचा. रोज चार-दोन पानं गळलेली असायची. मुळं जास्त कापली का? गड्डा लहान झाला का? एकेक चूक आठवून तो स्वतःला कोसत होता. कॅन्टीनमध्ये कुणी विचारलं, “काय बन्सी, अनंत काय म्हणतोय?” की हा ताटात मान घालायचा. हाताचा गुण गेला, असं त्याच्या मनाने घेतलं. माणूस जेवेनासा झाला.

शिल्लक रजा संपवायची म्हणून एके दिवशी साहेबांनी त्याला दुपारी बारालाच घरी पाठवलं. गल्लीच्या तोंडाशी आला आणि थबकला. रतनबाई झाडाशी वाकून हंडा ओतत होती. तांब्या नव्हे, हंडा. आणि ओतता ओतता झाडाशी बोलत होती, “पी बाबा, पी. लई ऊन हाय.”

बन्सीचं डोकं फिरलं. “अगं, काय करतीस? पानी घालून मारलंस की त्याला!”

ती दचकली, पण हंडा खाली ठेवला नाही. “मारलं? सकाळी एक हंडा, दुपारी एक घालते म्हनून तर तग धरून हाय. तुमी एक तांब्या घालता. एवढ्या उन्हात एका तांब्यावर कोन जगंल?”

रतनबाईचं माहेर पाथर्डीच्या कोरड्या पट्ट्यातलं. तिथे टँकरच्या दिवशी हंडाभर पाणी मिळवायला तिचं अख्खं लहानपण गेलं होतं. कुणावर माया करायची तर त्याला पाणी द्यायचं, यापलीकडे तिला ठाऊक नव्हतं. इथे नळाला दिवसाआड पाणी येई, त्यातलं स्वतःच्या अंघोळीचं वाचवून ती हे हंडे भरत होती. आणि एवढ्यात भिंतीपलीकडून कानिफनाथचं तोंड वर आलं. तो ओशाळून म्हणाला, “बन्सीभाऊ, मी पन रोज सकाळी एक बाटली वततो. म्हनलं, आपल्या टेम्पोतनं आलंय.”

“तू गप आत जा!” बन्सी ओरडला. मग रतनबाईकडे वळून म्हणाला, “विचारायचं तरी हुतं. एकतीस वर्षं झाडं संभाळली मी!”

“व्हय, संभाळली,” रतनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी पाह्यलीत ती झाडं. खंडेनवमीला सगळ्यांच्या बायकापोरांना कंपनीत बोलावत्यात, तवा एकदा मीबी आल्ते. तुमी पूजेच्या गडबडीत हुता. मी सगळी बाग हिंडले. वाफ्यातली माती पायानं उकरून बघितली.” तिने हंडा कमरेवर घेतला. “तिथं पन मुरूमच हुता.”

बन्सीची नजर अंगणातल्या उघड्या मुरमावर गेली.

“तवापासून म्या मागितलं न्हाई. आता एवढ्या वर्सांनी माझ्या दारात एक झाड आलं, त्याला उपाशी ठेवू व्हय?” एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला आणि हंडा घेऊन आत गेली.

बन्सी उन्हातच उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि ती योग्यच होती. कंपनीच्या मुरमात त्याने गाडीगाडीने पालापाचोळा कुजवून घातला होता. घरी एक पाटीसुद्धा आणली नव्हती. रोप मागणारीने ते पाहिलं होतं आणि कितीतरी वर्षं पोटात ठेवलं होतं. झाड मरायला टेकलं होतं ते तिच्या मायेने. ती माया इतकी साठून राहिली ती कुणामुळे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो आत गेला. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. “चल,” तो म्हणाला, “एकट्याच्यानं हुनार न्हाई ते.”

दोघांनी मिळून झाडाच्या कडेची माती उकरली. आत चिखल झाला होता, त्याला वास येत होता. काळी पडलेली मुळं बन्सीने विळ्याने छाटली, ती रतनबाईने एका कागदावर गोळा केली, जणू टाकून द्यायची तिची तयारी नव्हती. दोन दिवस बूड वाऱ्याला उघडं ठेवलं, मग वाळू, मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत मिसळून भरलं. वर दोन बोडकी खोडं तेवढी उरली. बन्सीने तिचं बोट धरून मातीत खुपसलं. “दुसऱ्या पेरापर्यंत वल लागली तर पानी न्हाई. कोरडं लागलं तरच.”

“आन् मला कळलं न्हाई तर?”

“मग मला फोन कर.”

हे बोलून तो फसलाच. रोज दुपारी एकला, तो कॅन्टीनमध्ये जेवत असताना, फोन यायचा. “दुसऱ्या पेराला वल लागंना. घालू का?”

“किती घालतीस?”

“तांब्याभर.”

“अर्धा.”

“अर्ध्यानं काय हुतंय?”

“रतन, अर्धा.”

शेजारी बसलेले लोक हसून बेजार व्हायचे. वहिनीला हजेरीवर घ्या म्हणायचे. बन्सी हसायचा नाही. नखाने साल खरवडून तो रोज बघायचा. एक खोड आत तपकिरी झालं होतं, दुसऱ्यात कुठेतरी हिरवी रेघ होती. ती रेघ आहे हे त्याने रतनबाईला सांगितलं नाही. खोटी आशा लावायची त्याची हिंमत नव्हती.

एकतीस मे उजाडला. कॅन्टीनमध्ये टेबलं सरकवून कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. सुमंत साहेब बोलत होते, बन्सी स्टेजवर अवघडून बसला होता, आणि त्याचा मोबाईल वाजला. सगळे हसले, कारण एक वाजला होता. साहेबही थांबले. “घ्या, घ्या.”

“अवो,” पलीकडून रतनबाईचा श्वास लागला होता. “डोळा फुटला.”

“कुठं?”

“बुडाशी. दोन पानं हायत, उंदराच्या कानाएवढी. मी हात लावला न्हाई.”

बन्सीने फोन बंद केला. माईक त्याच्यापुढे आला. त्याने लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. “मला बोलता येत न्हाई,” तो म्हणाला. “झाड जगलं. बायकोनं जगवलं. तिला बघायला जायचंय मला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बन्सी स्टेजवरून उतरला तो थेट गेटकडे गेला. जेवणाला थांबला नाही.

रतनबाई झाडापाशी बसून होती. तिने लुगड्याचा कोपरा उचलून दाखवलं. खोडाच्या बुडाशी दोन पानं होती, पोपटी, ओली वाटावीत अशी. बन्सी वाकून बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

“फूल कवा येईल?” तिने विचारलं.

झाडाच्या बाबतीत बन्सी आता तिच्याशी खोटं बोलणार नव्हता. “यंदा न्हाई. पुढल्या पावसाळ्यात, नायतर त्याच्या पुढच्या.”

“येऊ द्या सावकाश,” रतनबाई म्हणाली. “तुमाला तरी आता कुठं जायचंय?”

“कुठंच न्हाई,” बन्सी म्हणाला, आणि खांद्यावरची शाल न काढता तिच्या शेजारी खाली बसला.