उतरलेलं पाणी

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पाण्याला लागून. पावसाळ्यानंतर आमच्या शेताखाली पाणीच पाणी असतं आणि मधोमध एक टेकडी उरते. दिवाळी झाली की पाणी रोज दोन-चार बोटं उतरू लागतं. होळीपर्यंत टेकडीकडची जमीन उघडी पडते, लोक त्या ओल्या गाळात पीक घेतात. त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. मग टेकडीवर चालत जायचं, उन्हाळाभर हवं तेव्हा. माझा भाऊ दर वर्षी त्या गाळात उभा राहून एकच वाक्य म्हणतो, "ताई, पानी एकदा हटलं की हटलं. आता जूनपातूर न्हाई येत."

या वाक्यावर माझा इतका विश्वास होता की मी ते स्कॉटलंडला घेऊन गेले.

मी मंचरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एकोणीस वर्षं बटाटे सांभाळते आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला तिकडच्या कॉलेजात बटाट्याच्या साठवणुकीचा सहा महिन्यांचा कोर्स करायची संधी मिळाली. सासरचे म्हणाले, "या वयात शाळा?" मी म्हटलं, "या वयात तुमचा डबा तरी किती दिवस करायचा?" आणि गेले.

वर्गात माझं दोघांशी जमलं. एक नेपाळची मुलगी, सव्वीस वर्षांची, डोंगरातल्या बटाटेवाल्यांच्या घरातली. ती माझ्याशी हिंदीत बोलायची आणि मला दिदी म्हणायची. दुसरा केनियाचा, पस्तिशीचा, बियाण्याच्या बटाट्यातला माणूस. तो मला 'मामा' म्हणायचा. त्यांच्याकडे मामा म्हणजे आई. हे कळेपर्यंत मी दोन दिवस आरशात ओठावरची लव तपासत होते.

कोर्स संपत आला तेव्हा कॉलेजात पीएचडीची एक जागा निघाली. एकच. मुलीने अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं, शनिवारी दुपारी तीन वाजता. तीन प्राध्यापक बसणार, त्यातले एक बाहेरगावाहून येणार. जागा मिळाली तर ती चार वर्षं राहणार, नाही तर पुढच्या आठवड्यात व्हिसा संपून घरी. घरी तिच्यासाठी काठमांडूचा एक दुकानदार बघून ठेवला होता. त्याचं टाइल्सचं दुकान होतं. तिने मला फोटो दाखवला होता, दुकानाचा.

शुक्रवारी संध्याकाळी तिने काही खाल्लं नाही. वहीत तोंड घालून बसली होती. मी म्हटलं, "घोकून घोकून विसरशील. उद्या सकाळी बेटावर जाऊ, पाय मोकळे कर, एकपर्यंत परत येऊ." बेट बसने वीस मिनिटांवर. ओहोटी असली की वाळूतून चालत जाता येतं. तिकडे हे बघायला लांबून माणसं येतात. मला त्यात काय एवढं, असं वाटलं. मी लहानपणापासून तेच करत होते.

केनियाचा म्हणाला, "मुलाखतीच्या दिवशी?"

"मुलाखत तीनला आहे. सकाळ काय तिची पूजा करायला ठेवायची?"

पहिल्या बसने गेलो. सव्वासात वाजता किनाऱ्यावर होतो. वाळूत एक किलोमीटरभर खांबांची रांग रोवलेली, तिच्या कडेने चालत जायचं. सुरुवातीलाच एक मोठी पाटी होती. त्या दिवशीच्या वेळा, खाली एका बुडालेल्या मोटारीचं चित्र आणि बरंच बारीक अक्षर. सव्वाअकराच्या आत परत या, असं लिहिलं होतं. केनियाच्याने पाटीचा फोटो काढला. मी म्हटलं, "आमच्याकडेही धरणावर पाटी असते, पाण्यात उतरू नये म्हणून. बायका तिच्यावर गोधड्या वाळत घालतात."

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. शाळेत चंद्र, सूर्य, पृथ्वी सगळं काढून बाण दाखवले होते आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण ते पेपरात. प्रत्यक्षात मी भरती एकदाच पाहिली होती, अलिबागला, आणि तिच्यात माझ्या नणंदेची एक चप्पल भिजली होती. तेवढीच भरती असते, अशी माझी समजूत होती.

बेट लहान होतं. मध्ये एक उंचवटा, लेण्याद्रीच्या निम्म्याइतकाही नाही, मेंढ्या, दगडी बांध आणि एकच घर. साडेआठच्या सुमाराला आम्ही वर पोचलो आणि मी खाली बघितलं. आलो तेव्हा खांबांच्या एका बाजूला थोडं पाणी होतं. आता तेही नव्हतं. लांबपर्यंत ओली वाळू उघडी पडली होती.

"बघा," मी म्हटलं, "अजून उतरलंय."

पुढचं सगळं त्या एका नजरेतून झालं. एकदा उतरणीला लागलेलं पाणी उतरतच जातं, हे मी चाळीस वर्षं पाहत आले होते. दहा वाजता केनियाचा म्हणाला, निघू या. मी म्हटलं, अर्धं बेट बघून परत जाणं म्हणजे अर्धी दाढी करून उठण्यासारखं आहे. साडेदहाला तो पुन्हा म्हणाला. तेव्हा मी डबा उघडला होता. चपात्या आणि भाजी. भाजी बटाट्याची, दुसरी कसली असणार?

"मामा, पाटीवर सव्वाअकरा लिहिलंय."

"मंचरच्या चौकात मी कांद्याच्या ट्रकमधून रस्ता ओलांडते. तिथे किती पाट्या आहेत माहितीये? खा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "दिदी, नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

हा शब्द मी रोज दहा वेळा वापरते. व्यापाऱ्याला, ड्रायव्हरला, नवऱ्याला. त्या दिवशीही तो सवयीनेच तोंडातून गेला.

बारा वाजता आम्ही बेटाला पूर्ण वळसा घालून खांबांपाशी आलो. रस्ता नव्हता. खांब पाण्यात उभे होते आणि पाणी दोन्ही बाजूंनी येत होतं, आवाज न करता, घाई न करता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पाणी सोडलं कोणी? आमच्याकडे पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात.

मी बूट काढून उतरले. वीस पावलांवर पाणी मांडीला लागलं आणि इतकं गार, की देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. केनियाच्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. त्याने आत्तापर्यंत एकदाही 'मी सांगत होतो' म्हटलं नव्हतं. आत्ताही तो ते म्हणाला नाही, याचा मला फार राग आला.

मुलगी वाळूत बसली. रडली नाही. "माझी तीनची मुलाखत आहे," एवढंच म्हणाली, जणू आम्हाला नव्यानेच सांगत होती.

त्या एकुलत्या घरातला म्हातारा मेंढपाळ आमची वाट बघत दारातच उभा होता. हातात दोन टॉवेल. खिडकीतून त्याला सगळं दिसलं होतं.

"रस्ता कधी उघडेल?" मी विचारलं.

"सहा."

"होडी?"

"होडी कशाला? दिवसातून दोनदा रस्ता असतो." मग माझ्या ओल्या पँटकडे बघून म्हणाला, "पाटी दिसली नाही का?"

"दिसली," मी म्हटलं.

आमच्या मोबाइलना तिथे रेंज नव्हती. त्याच्या स्वयंपाकघरात वायरचा जुना फोन होता. कॉलेजला फोन करायचा हे ठरलं, पण बोलायचं कोणी? मुलगी म्हणाली, "दिदी, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, जी मुलगी पाटी वाचत नाही ती प्रयोग काय करणार."

एकोणीस वर्षांत मी कोणापुढे 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. बटाटे सडले की लाइट गेलेली असते, लाइट गेली नसेल तर शेतकऱ्याने ओला माल आणलेला असतो. त्या फोनपाशीही माझ्या तोंडात दोन कारणं तयार होती. बस उशिरा आली, आणि कोणाचा तरी पाय मुरगळला. मुरगळायचा कोणाचा, हेही ठरलं होतं. मग पाहिलं तर केनियाचा आपला पाय टेबलाखाली ओढून घेत होता. या माणसाने सहा महिन्यांत मला पुरती ओळखली होती.

मुख्य प्राध्यापिका फोनवर आल्या. मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. तिला परत जायचं होतं. पाणी परत येत नाही असं मी तिला सांगितलं."

बाई म्हणाल्या, "परत येत नाही? समुद्राचं?"

"हो. मी धरणाकाठची आहे."

पलीकडे कोणीतरी हसलं, बहुधा बाहेरगावचे. मग बाई म्हणाल्या, "तीन वाजता याच नंबरवर फोन करतो. तिला तयार ठेवा. आणि तुम्ही कृपया काही सांगू नका."

तीन वाजता मुलगी फोनपाशी उभी राहिली, पायात म्हाताऱ्याचे लोकरीचे मोजे. फोन स्पीकरवर होता कारण त्याचा कानाचा भाग बिघडला होता. त्यामुळे आम्ही दोघं, म्हातारा आणि त्याचा कुत्रा, सगळ्यांनी मुलाखत ऐकली. ती चांगलं बोलत होती. मग बाहेरगावच्यांनी विचारलं, बटाट्याच्या पोटातला काळा डाग साठवणीतल्या हवेचा आहे की शेतातून आलेल्या रोगाचा, हे न कापता कसं ओळखाल?

मला उत्तर येत होतं. मंचरला मी नुसता वास घेऊन सांगते. निम्म्या वेळा चुकते, पण कापून बघायची कोणाची हिंमत होत नाही. मी नाकाकडे बोट नेलं. केनियाच्याने माझा हात खाली दाबला आणि त्यात बिस्कीट दिलं.

मुलीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "माहीत नाही, सर. न कापता मला नाही सांगता येणार. मी त्यातले काही कापून बघेन."

मी डोळे मिटले. गेली जागा, म्हटलं. आला तो टाइलवाला.

फोन बंद झाल्यावर म्हातारा उठला, मागच्या खोलीतून चार बटाटे घेऊन आला. "माझेही आतून काळे पडतात. तुम्ही एवढे बटाटेवाले आलाच आहात." मी सवयीने एक उचलून नाकाजवळ नेला. मुलगी बघत होती. मी तो खाली ठेवला आणि सुरी मागितली.

मधोमध काळा. बाकीचे तीनही तसेच. "कशात ठेवतोस?"

"प्लास्टिकच्या ड्रमात. झाकण घट्ट लावून. उंदीर येतात."

"श्वास कुठून घेतील? झाकण काढ, जाळी लाव," मी म्हटलं. आत जाऊन ते ड्रमही उघडून दिले. तेवढ्यात फोन वाजला. म्हाताऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन उचलला आणि तिथूनच ओरडला, "बटाटेवाल्या बाईसाठी आहे. कापणाऱ्या."

मुलगी धावली. जागा तिला मिळाली. फोन ठेवून तिने म्हाताऱ्याची उरलेली सगळी बिस्किटं संपवली आणि मग मला सांगितलं, की मुलाखत कॉलेजात झाली असती तरी ती मिळालीच असती, त्यामुळे मी यात माझा हात आहे असं कोणाला सांगू नये. बरोबरच होतं तिचं.

सहा वाजता खांब उघडे पडले. म्हातारा म्हणाला, "जा आता." मी म्हटलं, अजून थोडं उतरू दे. सव्वासहाला तेच म्हटलं. साडेसहाला त्या दोघांनी मला मधे घेतलं आणि निघालो. वाटेत मी चार वेळा मागे वळून पाहिलं.

किनाऱ्यावर पाटीसमोर केनियाचा थांबला. "मामा, वाच. मोठ्याने."

"बस चुकेल."

"पुढची येईल. बसचं पाण्यासारखं आहे, परत येते."

मी वाचलं. भरतीच्या वेळा, मोटारवाल्यांना सूचना, मदतीचा नंबर, सगळं. मग निघायला वळले.

"दिदी," मुलगी म्हणाली, "खालचं राहिलं. बारीक अक्षरातलं."

मी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि वाकून तेही वाचलं.