हात लावू नको

माझ्या मित्राच्या जुन्या गाडीला हात लावायची कोणाची टाप नाही. कोणी बोनेटला टेकलं, की हा गोड हसत त्याला बाजूला घेतो आणि परत येऊन ती जागा फडक्याने पुसतो. आम्ही नाशिकचे जुन्या गाड्यांचे वेडे एकमेकांचे असले नखरे चालवून घेतो. शिवाय दुसऱ्याच्या गाडीबद्दल 'सुरू होईल ना?' असं विचारायचं नाही, हा आमच्यातला शिष्टाचार.

गेल्या हिवाळ्यात सगळे चांदवडला जमणार होते. मित्राने नुकताच गाडीला नवा रंग दिला होता आणि त्याला तो मिरवायचा होता. माझी गाडी गॅरेजात, म्हणून मी त्याच्याबरोबर निघालो. नेमका स्टार्टर रुसला. मी धक्का मारला, तोही त्याने दिलेले हातमोजे घालून. "आता चांदवडपर्यंत बंद करायची नाही," तो म्हणाला.

जेवण बांधून घ्यायला हायवे सोडून एका गावात शिरलो, तर चढावर समोरून अंत्ययात्रा आली. अशा वेळी गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि उतरून उभं राहायचं, हा ग्रुपचा नियम यानेच केलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिष्टाचार पाळून खिडकीबाहेर बघत बसलो. त्याने किल्ली फिरवली. आम्ही उतरून हात जोडले.

मग व्हायचं तेच झालं. माझ्या एकट्याच्या धक्क्याला गाडी दाद देईना आणि गावातली माणसं सगळी तिकडे गेलेली. चांदवडहून फोनवर फोन. मंडळी निघायच्या बेतात होती. मित्र तोंड पाडून कठड्यावर बसला.

बऱ्याच वेळाने लोक परतले. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ थांबले. "मघाशी आमच्या आईसाठी थांबला होता ना तुम्ही? धक्का मारला असता, पण मसणातून आलोय, आंघोळी नाय झाल्या अजून. गाडीला हात लावला तर चालंल का?"

मला हसू येणार होतं, पण मित्राचे डोळे भरलेले दिसले. "लावा हो काका," एवढंच तो म्हणाला. पाच-सहा जणांनी जोर लावला आणि गाडी सुरू झाली.

चांदवडला कोणी उरलं नव्हतं. रंग कोणीच पाहिला नाही. संध्याकाळी घरी पोचलो, तर डिकीवर धुळीचे तळवे उमटलेले. मी सवयीने फडकं उचललं, तर तो माझ्यावर खेकसला, "हात लावू नको!"