चारकोपच्या तळ्याचा पंचनामा

आमच्या बिल्डिंगमागच्या तळ्याची वाट लावणारा पहिला अर्ज मीच लिहिला. आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, बाई दुसऱ्यांवरच तोंडसुख घेते. अख्खी नोकरी अर्ज लिहिण्यात गेली, त्यामुळे सोसायटीचा प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. डासांनी हैराण झालो होतो, म्हणून मी झकास भाषेत लिहिलं, ‘सदर दलदलीचा बंदोबस्त व्हावा.’

झाला ना बंदोबस्त! तळ्याच्या मधोमध भराव घालून चालायचा ट्रॅक केला. अलीकडचा तुकडा खोल खणला, काठ सिमेंटने बांधला, वर कारंजं बसवलं. पलीकडच्या तुकड्यात पाणी यायचंच बंद झालं. मेले डास मात्र होते तिथेच आहेत.

गेले ते पक्षी. सकाळी गॅलरीत चहा घेताना मी बघायचे, लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोच खुपसत फिरायचे. त्यांना घोटाभर पाणी लागतं, खोल पाण्यात उभे कसे राहणार? कमळपक्षी पानांवरून चालायचा. पानंच उपटली, तोही गेला. हळदीकुंकू बदकं दोनदा घिरट्या घालून निघून गेली. आता कारंज्यावर कबुतरं आणि कावळे, थवेच्या थवे. स्वतःचाच इतका संताप आला की काय सांगू!

यंदा पलीकडच्या तुकड्यात, उरलेल्या डबक्याशी, शेकाट्यांच्या एका जोडीने घरटं केलं. चिखलावर चार अंडी. आणि सेक्रेटरींना नेमकं तिथेच पार्किंग हवं होतं! मी पुन्हा अर्ज लिहिला, या वेळी भराव थांबवा म्हणून. सोसायटीत एकाचीही सही मिळाली नाही. तरी वनखात्याचा माणूस पाहणीला आला.

“खाली उतरा, अंडी दाखवते,” मी म्हटलं.

“काकू, चिखल आहे हो.” ट्रॅकवर उभं राहूनच त्याने कारंज्याकडे पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘पक्षी मुबलक. भरावाने बाधा नाही.’

“अहो, कबुतरं मोजताय?”

“पक्षी तो पक्षीच ना!”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्या घरातली माणसं हाकलून दुसरीच आणून बसवली, तर म्हणाल का घर भरलेलं आहे?”

तो हसला आणि पंच म्हणून सही करायला त्याने पेन माझ्यापुढे धरलं. मी ते भिरकावून दिलं. मग सेक्रेटरींनी सही केली. वॉचमननेही केली, बिचाऱ्याला नोकरी टिकवायची आहे. पंचनाम्याला दोन सह्या पुरतात.

सोमवारी सकाळी डंपर आला. शेकाट्यांची जोडी त्याच्या टपावर ओरडत घिरट्या घालत होती. मी चपला न घालताच धावत खाली गेले, पण तोवर माती ओतून झाली होती.