दुसरा ट्रम्पेट

आज सकाळी करीमचाचा आमच्या ओसरीवर बाबांचा ट्रम्पेट चिंचेने घासत बसले होते. त्या आंबट, पितळी वासाने मला ताईची पाठवणी आठवली.

घाटंजीच्या बँडमध्ये चाचा पुढे वाजवत आणि बाबा त्यांच्या मागे. वरातभर लांब सूर बाबांनी ओढायचे, म्हणजे पाठवणीच्या धूनसाठी चाचांचा दम शिल्लक राही. चाचांचा श्वास तुटायच्या आधीच बाबा तोच सूर धरत. ऐकणाऱ्याला सांधा कळत नसे.

त्या दिवशी चाचा म्हणाले, "आज तू लडकीवाला हाये, गड्या. बाजा ठेव अन् पोरीपाशी उभा राह्य."

पण धून अर्ध्यावर आली आणि चाचांनाच रडू फुटलं. बाबांनी ताईच्या हातातून हात सोडवला, ठेवलेला ट्रम्पेट उचलला आणि सूर धरला. ताई गाडीत बसून दिसेनाशी होईपर्यंत ते वाजवत राहिले.

"लेकीले निरोप तरी द्याचा होता!" आई नंतर चिडून म्हणाली.

"मंग काय करून राह्यलो होतो मी?"

काल बाबांच्या अंत्ययात्रेत चाचांनी तीच धून वाजवली. मध्येच त्यांचा दम संपला आणि मागून सूर येईल म्हणून ते क्षणभर थांबले. आम्ही तसेच चालत राहिलो.