सकाळची बाई

"ती बाई आज पण आली होती," दादा चालता चालता थांबून मला हळूच म्हणाले.

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या गिरगावातल्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे वृद्धांचं दिवसभराचं केंद्र आहे. सकाळी बँकेत जाताना मी त्यांना तिथे सोडायचे आणि पाचला घेऊन यायचे. त्यांना विसरण्याचा आजार होता, त्यामुळे आधी मी लक्ष दिलं नाही. कोण बाई, म्हणून सहज विचारलं. तर म्हणाले, सकाळी आपल्या घरात असते ती. दिसायला अगदी तुझ्यासारखी, भुवईवरचा तीळसुद्धा तसाच. तुझा गाऊन घालून फिरते. गोळ्या देते, पण मी त्या गिळत नाही.

भर रस्त्यात माझ्या अंगावर काटा आला. सकाळी घरात आम्ही दोघंच असतो.

त्यानंतर आरशासमोर वेणी घालताना मला चमत्कारिक वाटायचं. मागे पलंगावर दादा बसलेले असायचे आणि आरशातून माझ्याकडे टक लावून बघायचे. मी वळले की नजर खाली. चष्म्याचं घर ते उशीखाली लपवून ठेवू लागले. माझ्यापासून.

केंद्र चालवणाऱ्या ताईंना सांगितलं, तर त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. वाद घालू नका, म्हणाल्या. पाचला खांद्याला पर्स अडकवून दारात उभी राहते ती त्यांची मुलगी. आमच्या मावशी हाक मारतात, "दादा, तुमची मुलगी आली न्यायला," की ते लगेच उठतात. तेवढं मोडू नका. तुमची रजा असली तरी त्यांना पाठवा, आणि आमची सुट्टी असेल तेव्हा घरी हेच करा. मी मान डोलावली. मनात म्हटलं, माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी येऊ काय? बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं लोकांना नियम शिकवलेत मी, मला कोणी शिकवलेलं खपत नाही.

मग मी आठवडाभराची रजा घेतली. शेजारच्या काकूंनी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता विचारलं, "घरी आहेस तरी पाठवणार त्यांना?" एवढंच. पण ते मला असं झोंबलं, की त्याच मिनिटाला ठरवलं, आठवडाभर दादा घरीच.

म्हणजे आठवडाभर पाचला येणारी मुलगी येणार नव्हती. हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पहिल्या दिवशी पाच वाजता ते चपला घालून दारापाशी खुर्चीवर बसले. मी समोर लसूण सोलत होते. "मुलीला उशीर झाला आज," ते मला म्हणाले, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तिचे कपडे तुम्हाला कुठे मिळाले?" जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं. मी ओरडले त्यांच्यावर. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि थरथरायला लागले. माझी लाज वाटली मला, आणि खरं सांगते, भीतीही वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि बघते तर दूध नाही. तशीच गाऊनवर खाली धावले. परत आले तर दाराला आतून कडी. आत गॅस पेटलेला. मी दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून आवाज आला, शांत. "माझी मुलगी पाचला येते. तेव्हाच उघडीन."

घड्याळात नऊ वाजले होते.

काकू बाहेर आल्या. मी त्यांच्या सुनेचा पंजाबी ड्रेस गाऊनवरूनच चढवला, काकूंची पर्स खांद्याला अडकवली आणि त्यांना काय म्हणायचं ते सांगितलं. त्यांनी दाराला तोंड लावून हाक मारली, "दादा, तुमची मुलगी आली न्यायला."

कडी निघाली.

"आलीस?" दादा म्हणाले. चार दिवसांनी मला बघत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी आधी शेगडीकडे धावले. गॅस बंद होता. ज्या माणसाला दोन वर्षांत शेगडीजवळ फिरकू दिलं नव्हतं, त्यानं बंद केला होता. ओट्यावर एक कप होता, वर बशी झाकलेली. उचलून पाहिलं तर कोरा चहा. मी कप तोंडाला लावायला गेले.

"तो नको घेऊस," दादा म्हणाले. "तो त्या बाईचा आहे. दूध आणायला गेलीय."

मी कप खाली ठेवला. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ती आली की तिला सांग. रागावून नको, नीट सांग. म्हणावं, दिवसभर इथे थांबत जाऊ नका. तुमच्या घरी तुमचे वडील वाट बघत असतील."

"सांगते, दादा," मी म्हटलं.

दुधाची पिशवी माझ्या हातातच होती.