एकोणीस आकड्याची बाटली

आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत बाळंतिणीला पोर्ट वाईन देतात. अंडं फेटायचं, साखर घालायची आणि वर अर्धी वाटी वाईन. मला माझ्या आईने दिली, सासूने दिली. माझी मुलं जगली, मोठी झाली. मी चौथी शिकलेली बाई, याहून जास्त पुरावा मला लागत नव्हता.

मुलाला मूल झालं म्हणून मी परदेशात, पॉइंट कुकला आले. सून पुण्याची, हिंदू घरातली. तिच्या आईने फोनवरून डिंकाचे लाडू करायला सांगितले. ते मी केले. पण लाडवाने रक्त भरत नाही, असं माझं मत होतं.

जवळच्या सुपरमार्केटात नॅप्यांच्या पलीकडच्या रांगेत वाईन असते. महागाच्या बाटल्या डोळ्यांसमोर, स्वस्तातल्या गुडघ्याशी. मी वाकून एकेक बाटली उलटी करायची आणि मागे ‘पोर्तुगाल’ हा शब्द अक्षर लावून शोधायची. इथलीच गोड वाईनही होती, पण आमच्याकडे पोर्तुगीजच देतात. पहिल्यांदा हिरव्या बाटलीतली पांढरी आणली, ती चिंचेसारखी आंबट निघाली. मुलाने तळलेल्या कोळंबीबरोबर संपवली. मग एक लाल आणली, ती चांगली होती पण गोड नव्हती. तिसऱ्या खेपेला गोड सापडली. प्रत्येक बाटलीच्या मागे एक आकडा असतो. पांढरीवर दहा होता, लालवर तेरा, हिच्यावर एकोणीस. किंमत जवळपास तीच. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, असा मी हिशोब केला आणि स्वतःवर खूश झाले.

सुनेला म्हटलं, “आमच्याकडचं टॉनिक आहे.” वास येऊ नये म्हणून जायफळ किसून घातलं. ती नाक मुरडून प्यायली.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने ते घेतलं. अर्ध्या तासाने बाळाला पाजलं. बाळ दहा दिवसांचं होतं. दर दोन तासांनी घर डोक्यावर घ्यायचं. त्या दिवशी दोन वाजले, उठलं नाही. तीन वाजले. सून म्हणाली, “आज शहाण्यासारखं झोपलंय.” मी ओट्याशी उभी राहून घड्याळ बघत होते. चार वाजता तिने बाळाला उचललं, तर मान कलली आणि हात लोंबला. श्वास चालू होता, पण डोळे उघडेनात.

मुलगा ऑफिसात. सुनेने नर्सच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नर्सने इंग्रजीत विचारलं, बाळाच्या आईने आज काही औषध, दारू घेतली आहे का? तेवढं इंग्रजी मला कळतं.

“नो, नथिंग,” सून म्हणाली.

मला गप्प बसता आलं असतं. तो मोह झाला, खोटं कशाला सांगू. मुलगा मला पुढच्या विमानाने परत पाठवील, हेही मनात येऊन गेलं. मग बाळाचा लोंबता हात दिसला.

“घेतलीय,” मी म्हटलं. “मी दिलीय. अर्धी वाटी, अकरा वाजता.”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. “आई, तुम्ही मला दारू पाजलीत?”

“औषध म्हणून.”

“औषध होतं तर जायफळ कशाला घातलंत?”

मी कपाटातून बाटली काढून तिच्या हातात दिली. तिने आकडा वाचून दाखवला, एकोणीस टक्के अल्कोहोल. पलीकडे नर्स काहीतरी टाइप करू लागली. तेवढ्या वेळात मी मनात देवाला काय काय कबूल केलं, ते त्यालाच माहीत. मग नर्स म्हणाली, इतक्या तासांत दारू दुधातून उतरली असेल. बाळाचे कपडे काढा, तळपायाला ओलं फडकं लावा, अंगावर घ्या. दहा मिनिटांत चोखलं नाही तर अँब्युलन्स बोलवा.

फडकं मी लावलं. निम्मं पाणी माझ्याच साडीवर सांडलं. सहा मिनिटं गेली. सातव्या मिनिटाला त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि असं रडलं की फोनवरची नर्स हसली. मग त्याने दूध धरलं.

माझ्या वाईनने झोपलं की आपलं आपण, ते कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी नर्स घरी येऊन वजन करून गेली, सगळं ठीक म्हणाली. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

संध्याकाळी मुलाने बाटली सिंकमध्ये ओतली. “मम्मी, पाजायचीच होती तर निदान महागातली तरी आणायचीस,” असं म्हणून तो हसायला गेला. आम्ही दोघी हसलो नाही.

सून एवढंच म्हणाली, “यापुढे माझ्या वाटीत काय घालता ते आधी सांगायचं.”

आता मी सांगते. ओवा घातला तरी सांगते. पण बाळ दुपारी जरा जास्त झोपलं की मी जाऊन त्याच्या छातीवर हात ठेवते. बऱ्याचदा सुनेचा हात आधीच तिथे असतो.