गाण्यांखालचं बोलणं

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःसाठी म्हणून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे व्हीसीडी प्लेअर. त्याआधी टीव्ही घेतला होता, मायसाठी शिलाई मशीन घेतलं होतं, माझ्यासाठी सायकल घेतली होती. पण ते सगळं कुणा ना कुणासाठी होतं. हे मात्र एकट्यासाठी, कारण सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या खोलीत तेव्हा ते एकटेच उरले होते. माय जाऊन आठ महिने झाले होते आणि मी लग्न होऊन सुरतेजवळच्या सचिन गावात नांदत होते.

निमित्त झालं माझ्या लग्नाच्या कॅसेटचं. आमच्याकडे व्हीसीआर कधीच नव्हता. लग्नानंतर एकदा भाड्याने आणून सगळ्यांनी मिळून ती कॅसेट पाहिली, आणि मग ती कपाटात गेली. सुरतेच्या दमट हवेत तिच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. आबा ती घेऊन फोटो स्टुडिओत गेले, तेव्हा तिथला माणूस म्हणाला की आणखी वर्षभर थांबलात तर यात काही उरणार नाही. सीडी करून घ्या, तिला बुरशी लागत नाही. आबांनी सीडी करायला टाकली. मग ती लावायला काहीतरी हवं म्हणून ते मला सोबत घेऊन बाजारात गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोठ्या शोरूमच्या काचेआड एखादा डीव्हीडी प्लेअर दिसायचा, पण तो बघण्यापुरताच. आमच्यासारख्यांसाठी कसलंच नाव नसलेले, कुठेतरी जोडलेले व्हीसीडी प्लेअर होते. दुकानदाराने खोक्यावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. पडद्यावर एकाच वेळी नऊ चित्रं दिसतील, चित्र जागच्या जागी थांबेल, हळू चालेल, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लागेल. मग त्याने एका सीडीवर आमच्यादेखत नखाने ओरखडा काढला, ती ट्रेमध्ये ठेवली, आणि ती चालली. मी गॅरंटीचं विचारलं. तो गुजरातीत म्हणाला, "चाले त्यां सुधी." चालेल तोवर.

आबांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. पण ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना सगळं कळलं होतं. कारखान्यात शंभर माग एकदम चालू असले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तिथे जुने कारीगर एकमेकांच्या ओठांवरूनच बोलतात. मला लहानपणापासून ठाऊक होतं की आबांशी बोलताना त्यांच्याकडे तोंड करायचं, मग आवाज नाही काढला तरी चालतं. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मशीन घरी आलं आणि आबा त्याच्या प्रेमात पडले. रिमोटवरची अक्षरं इंग्रजी, ती त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी एकेक बटण दाबून, काय होतं ते बघून, जागेवरून लक्षात ठेवलं. पहिल्याच आठवड्यात ट्रे अडकला आणि बाहेर येईना. दुसऱ्या कुणी ते दुकानात नेलं असतं. आबांनी स्क्रू काढून झाकण उघडलं, आतला लहानसा रबरी पट्टा पुसून परत बसवला. पण झाकण लावायचं त्यांच्या जिवावर आलं. मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा मशीन तसंच उघडं होतं. त्यांनी मला जवळ बसवून आत दाखवलं. सीडी गरगर फिरत होती आणि खाली मुगाएवढं एक भिंग आतून बाहेर सरकत होतं, इतकं हळू की सरकताना दिसतही नव्हतं. त्यांनी सीडी काढून उन्हात तिरकी धरली. तिच्यावर इंद्रधनुष्याचे रंग होते, बाकी रेघ नाही, खूण नाही.

"ह्यामा आपला आख्खा मांडव शे," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. यात आपला अख्खा मांडव आहे.

आयुष्यभर ज्याने मागावर धोटा इकडून तिकडे फेकला जाताना पाहिला, धागा तुटला की गाठ मारली, त्या माणसाला कशालाही न शिवता चालणारं यंत्र बघून काय वाटलं असेल, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कितीतरी वेळ त्यांनी सीडी खाली ठेवली नाही.

मशीन तसं साधंच होतं. तासाभरात तापायचं, मग चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. आबांनी त्याच्या चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार बुचं ठेवून हवेला वाट करून दिली. विजेचा दाब कमी झाला की ते आपोआप बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. आबा न कंटाळता पहिल्यापासून सुरू करायचे. रजेच्या दिवशी ते दुसरं काही करत नसत.

इथे मला एक सांगायला हवं. लग्नानंतर माहेरी येताना मी सासूबाईंना विचारून यायचे. त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत, पण लगेच हो म्हणाल्या असंही कधी झालं नाही. त्या हातातलं काम पुरं करत आणि मग म्हणत, "बघू." मी त्या 'बघू'ची वाट पाहत असे. माय आजारी असल्याचा निरोप आला, त्या दिवशी घरात पाहुणे होते. पाहुण्यांसमोर कसं विचारायचं म्हणून मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा माय डोळे उघडून बघत होती, पण मी कोण ते तिला कळत नव्हतं. त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली. आबांनी मला उशिराबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग एका रविवारी दुपारी मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होते. बाहेर टीव्हीवर माझ्या लग्नातली गाणी लागली होती. शूटिंगवाल्याने सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी भरली होती, कुणाचा एक शब्दही त्यात शिल्लक नव्हता. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. आबांनी चित्र हळू केलं होतं, आणि हळू केलं की त्या मशीनचा आवाज जायचा. बराच वेळ शांतता. मग त्यांनी हाक मारली. मी पिठाच्या हातानेच बाहेर आले.

पडद्यावर पाठवणी होती. मी रडत होते, आणि माय माझ्या कानाशी वाकली होती. बँड जोरात वाजत असल्याने तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं. ती नुसती जवळ आली एवढंच आठवत होतं. आबांनी तेवढाच तुकडा लावून ठेवला होता. माय वाकायची, तिचे ओठ हळूहळू हलायचे, ती मागे व्हायची, आणि पुन्हा वाकायची.

"तुनी माय बोली ऱ्हायनी," आबा म्हणाले. तुझी माय बोलते आहे.

मी खाली बसले. त्यांनी मला आणखी दोनदा दाखवलं आणि मग ते वाक्य म्हटलं, पडद्यावरच्या ओठांबरोबर, एकेक अक्षर.

"आपला घर येवाले कोनले इचारू नको."

आपल्या घरी यायला कुणाला विचारू नकोस.

आबांनी एकदा सांगितल्यावर मलाही ते दिसायला लागलं. 'आपला' म्हणताना मिटणारे तिचे ओठ दिसले, 'नको'ला गोल झालेले दिसले. आम्ही कितीदा हे चित्र पाहिलं होतं, आणि गाण्यांमुळे आमच्यापैकी कुणाला तिथे बोलणं आहे हे सुचलंही नव्हतं. आबांना गाणी ऐकूच येत नव्हती, म्हणून ते तोंडांकडे बघत राहिले. मी तिथेच बसून सगळं सांगितलं, पाहुणे, तीन दिवस, सगळं. त्यांनी ऐकलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठून चुलीवरची करपलेली भाकरी उतरवली.

ही गोष्ट शेजारी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू आपल्या मुलीच्या लग्नाची सीडी घेऊन आल्या. आबांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं की मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाचा मामा भात कमी पडेल का ते विचारत होता आणि करवल्या चपला कुठे लपवायच्या ते ठरवत होत्या. काकू हसून हसून बेजार झाल्या. मला मात्र भीतीयुक्त नवल वाटत होतं. घराघरांतल्या त्या चकत्यांत माणसं अजून बोलत होती, आणि ते फक्त आबांना कळत होतं. एका ठिकाणी काकूंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं की हे व्याही काय म्हणतात. आबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले की चौकोन फार आहेत, नीट दिसत नाही. मला पडद्यावरचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

सासूबाईंना मीच सांगितलं. रागाने सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडून ते साधेपणानेच निघालं. त्यांनी हातातली मेथी निवडायची थांबवली नाही. काही दिवसांनी मात्र त्या म्हणाल्या, "मला बघायची आहे ती सीडी."

पुढच्या रविवारी त्या, माझे यजमान आणि मी डिंडोलीला गेलो. आबांनी तो तुकडा लावला. सासूबाई पदर सावरून टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या. मायचं वाक्य त्यांनी तीनदा बघितलं. मग म्हणाल्या, "मी हातभर अंतरावर उभी आहे. मला ऐकू आलं नाही."

खरंच, मायच्या मागे त्याच चित्रात त्या उभ्या होत्या, आणि त्यांचेही ओठ हलत होते. ते त्यांना दिसलं. त्यांनी आबांकडे तोंड करून विचारलं, "भाऊ, मी काय बोलते आहे?"

मला एकदम नको वाटलं. पाठवणीच्या वेळी त्या घाई करत होत्या, गाडीवाला थांबत नाही म्हणून कुरकुरत होत्या, एवढं मला आठवत होतं. आबांनी चित्र हळू केलं. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मला वाटलं आता ते चौकोनांचं सांगणार.

"तिले पानी दे," आबा म्हणाले. "तुम्ही जावईले सांगी ऱ्हायन्यात, तिले पानी दे."

 आबांनी बटण सोडलं आणि चित्र पुन्हा नेहमीच्या वेगाने धावू लागलं. माझे यजमान चित्राबाहेर गेले, आणि काही क्षणांनी हातात पेला घेऊन आले. मी तो दोन्ही हातांनी धरून घटाघट प्यायले. पाणी मला आठवत होतं. ते मायनेच पाठवलं असेल असं मी इतके दिवस धरून चालले होते.

सासूबाईंनाही ते आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "असं बोलले होते मी?" आणि आबांनी होकारार्थी मान हलवली. घरी परतताना शेअर रिक्षात त्या माझ्या बाजूला बसल्या होत्या. सचिन गाव यायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी तुझ्या आबांना डॉक्टरकडे न्यायचं तिथे बोलत होतात ना, सकाळीच निघ. स्वयंपाक मी बघते." मी अजून विचारलंही नव्हतं.

ते मशीन पुढे पाच वर्षं चाललं. भिंग थकलं तेव्हा आबांनी दुसरं आणून स्वतः बसवलं. पुढे आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर आला. त्याचं चित्र कितीतरी स्वच्छ होतं आणि तो अडकतही नसे. आबांनी त्याचंही झाकण एकदा उघडून आत बघितलं.